नागपूरहून अंदमान: आधी बोट ठरवा, मग बाकी सगळं

आपण नागपूरकर समुद्रापासून लांबची माणसं. झिरो माइलच्या दगडापासून कुठल्याही दिशेला निघा, किनारा गाठायला एक रात्र गाडीत काढावीच लागते. पोहायला शिकलो तेही तलावात. म्हणून मित्रमंडळींत अंदमानची गोष्ट निघाली की सगळे एकदम हो म्हणतात, आणि बुकिंगला बसलं की कोणालाच काही सुचत नाही.

मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा आम्ही सहा जण होतो, कॉलेजपासूनचे. पहिल्या वेळी एका एजंटकडून पॅकेज घेतलं. त्यात स्कूबा डायव्हिंग शेवटच्या दिवशी सकाळी होतं आणि परतीचं विमान त्याच दुपारी. डायव्हिंगनंतर इतक्या लवकर विमानात बसणं धोक्याचं असतं, हे आम्हाला तिथल्या डाइव्ह सेंटरवाल्याने सांगितलं आणि पाण्यात उतरू दिलं नाही. त्याने योग्यच केलं. पण ज्यासाठी वर्षभर पैसे साठवले तेच राहून गेलं, आणि आमच्यातली एक मैत्रीण जेटीवर बसून रडली. दुसऱ्या वेळी सगळं स्वतः आखलं आणि सहल मनासारखी झाली. त्या दोन्ही अनुभवांतून हे लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. अंदमानची सहल ठिकाणांच्या यादीवरून आखू नका. तिथे तुमचा दिवस बोट, भरती-ओहोटी आणि उजेड ठरवतात. हे तीन आधी बसवा, ठिकाणं आपोआप त्यात बसतात.

पायरी 1: महिना ठरवा, आणि तिथीही बघा

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की वाटतं, चला समुद्रावर. नेमकी तीच चूक होते. नैर्ऋत्य मोसमी पाऊस देशात सगळ्यात आधी अंदमानात पोहोचतो, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात. समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात, पाणी गढूळ होतं. शाळेच्या सुट्ट्यांमुळे मेच जमत असेल, तर पहिल्या आठवड्यात उरकून या.

सगळ्यात चांगला काळ जानेवारी ते एप्रिल. फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र बराच शांत असतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हवा छान, पण बंगालच्या उपसागरात या दिवसांतही वादळं होतात. डिसेंबर 2016 मध्ये वादळामुळे हॅवलॉक आणि नील या बेटांवर शेकडो पर्यटक अडकले होते आणि त्यांना काढायला नौदलाच्या बोटी गेल्या होत्या. घाबरवायला सांगत नाही. त्या महिन्यांत जाणार असाल तर परतीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा, एवढंच.

आता तिथी. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर काढा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. नील बेटावरचा खडकाचा नैसर्गिक पूल बघायला अशीच मोठी ओहोटी लागते. अमावस्येच्या काळोख्या रात्री कयाकमध्ये (छोट्या अरुंद होडीत) बसलात, तर वल्ह्याच्या प्रत्येक फटक्यासरशी पाणी निळसर चमकताना दिसतं. ते पाण्यातले सूक्ष्म जीव असतात. चांदणं असेल तर हा उजेड डोळ्यांना जाणवतच नाही. उलट डायव्हिंगला अष्टमीच्या आसपासचे दिवस बरे. तेव्हा भांगाची भरती असते, प्रवाह कमी असतो आणि पाणी नितळ राहतं. दोन्ही हवं असेल तर अष्टमीच्या सुमारास पोहोचा आणि अमावस्येकडे सरकत जा. आम्ही दुसऱ्या वेळी असंच केलं.

पायरी 2: नागपूर ते पोर्ट ब्लेअर

पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं. तिकिटावर किंवा फलकावर दोन्हीपैकी कुठलंही नाव दिसलं तरी गोंधळू नका. बेटांचंही तसंच. डिसेंबर 2018 पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप आणि रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. तिथली माणसं बोलताना अजून जुनीच नावं घेतात, म्हणून मीही तीच वापरते आहे.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून थेट विमान नाही. कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद किंवा दिल्लीला बदलावं लागतं. पोर्ट ब्लेअरला उतरणारी बहुतेक विमानं सकाळपासून दुपारपर्यंतची असतात, त्यामुळे अनेकदा मधल्या शहरात एक रात्र काढावी लागते. तो वेळ आणि खर्च आधीच धरा.

स्वस्तात जायचं तर गीतांजली एक्सप्रेसने हावडा गाठता येतं. संध्याकाळी नागपूरला बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. मग रात्री दमदम विमानतळाजवळ मुक्काम आणि पहाटेचं विमान. कोलकाता-पोर्ट ब्लेअर दोन-सव्वादोन तासांचं अंतर आहे. जहाजाचाही मार्ग आहे, पण त्यात जवळपास तीन दिवस जातात. आठवड्याची रजा असेल तर तो विचार सोडा.

इथला सापळा असा: दोन विमानांची वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं उशिरा पोहोचलं, तर दुसरं चुकल्याची जबाबदारी कोणी घेत नाही. पूर्ण प्रवास एकाच बुकिंगवर काढा, नाहीतर मध्ये किमान पाच-सहा तास ठेवा.

पायरी 3: बेटांमधल्या बोटी (हॉटेलच्या आधी!)

विमानाचं तिकीट झालं की दुसरं काम बोटीचं. हॉटेल त्यानंतर. बहुतेक जण उलटं करतात. पहिल्या वेळी आमचं हॅवलॉकचं हॉटेल ठरलेलं होतं आणि त्या सकाळच्या बोटीत सहा जागाच नव्हत्या. तीन जण सकाळी गेले, तीन दुपारी. अर्धा दिवस गेला आणि दुपारच्या तिघांना तिथल्या राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त मिळाला नाही.

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक, हॅवलॉक ते नील आणि नील ते पोर्ट ब्लेअर असा त्रिकोण आहे. खासगी वेगवान बोटी वातानुकूलित असतात आणि हॅवलॉकला साधारण दीड तासात पोहोचवतात. सरकारी बोटी स्वस्त आणि थोड्या सावकाश, अडीच तासांच्या आसपास. पण त्यांच्या डेकवर उघड्यावर उभं राहता येतं आणि कधी बोटीच्या पुढे उडणारे मासेही दिसतात. सरकारी बोटीची तिकिटं आधी बेटावर राहणाऱ्यांना मिळतात, म्हणून सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नका. आम्ही जाताना खासगी आणि नीलहून येताना सरकारी घेतली. मला विचाराल तर येतानाचाच प्रवास जास्त आठवतो.

डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर खासगी बोटीची तिकिटं दोन महिने आधी काढा. सहा जणांची एकाच वेळी, एकाच माणसाने. प्रत्येकाने आपापलं काढायचं ठरवलं की घोटाळा झालाच म्हणून समजा.

बोट लागत असेल तर मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर बसा. तिथे कमी डोलतं. सकाळी पोटात थोडं काहीतरी असू द्या, पण तेलकट नको. उलटीची गोळी बोटीत बसण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी लागते, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. कुठली घ्यायची ते तुमच्या डॉक्टरांना नागपुरातच विचारा. त्या गोळ्यांनी झोप येते, म्हणून डायव्हिंगच्या सकाळी चालेल का, हेही विचारून ठेवा.

पायरी 4: निघण्याआधी नागपुरात करायच्या तीन गोष्टी

पहिली, पाण्याची ओळख. पहिल्या डाइव्हला पोहता यायची अट नसते, आणि आमच्यातल्या दोघांना येतही नव्हतं. तरी महिनाभर आठवड्यातून दोनदा पोहण्याच्या तलावावर जा. पाण्यावर पाठ टेकून तरंगणं, तोंड पाण्यात घालून शांत राहणं आणि फक्त तोंडाने श्वास घेणं, एवढं जमलं तरी समुद्रातली निम्मी भीती जाते. नाक चिमटीत धरून टीव्हीसमोर दहा मिनिटं फक्त तोंडाने श्वास घ्यायचा सराव माझ्या एका मित्राने केला. पाण्यात सगळ्यात निवांत तोच होता.

दुसरी, डॉक्टर. डाइव्ह सेंटरवर तब्येतीचा एक फॉर्म भरून घेतात. दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, कानाचं किंवा सायनसचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण असे प्रश्न असतात. एकाही प्रश्नाला 'हो' असेल तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय उतरवत नाहीत. ती चिठ्ठी हॅवलॉकला कुठून आणणार? इथूनच नेली पाहिजे. बीपीची गोळी चालू असेल तर तेही सांगा. तिथे गेल्यावर कोणी म्हणेल, 'लिहून टाका ना सगळीकडे नाही.' कृपा करून तसं करू नका. तो फॉर्म तुमच्या जिवासाठी आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे गटात स्पष्ट बोलणं. कोण पाण्याखाली जाणार, कोण फक्त स्नॉर्केल (पाण्यावर तरंगत नळीने श्वास घेऊन खाली बघणं) करणार, कोण किनाऱ्यावर बसणार, हे आधी ठरू द्या आणि ऐनवेळी बदलायची मुभाही असू द्या. 'अरे काही होत नाही बे, चल' असं म्हणून कोणाला ढकलू नका. घाबरलेला माणूस पाण्याखाली श्वास रोखतो, आणि तीच सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे. का ते पुढे सांगते.

पायरी 5: दिवसांची मांडणी

आपण आणि अंदमान एकाच घड्याळावर चालतो, पण तिथे सूर्य आपल्यापेक्षा जवळपास तासभर आधी उगवतो. पहाटे पाच-साडेपाचला लख्ख उजेड. हिवाळ्यात संध्याकाळी पाचलाच सूर्य बुडतो. 'नाश्ता करून दहाला निघू' हे तिथे चालत नाही. बहुतेक जलक्रीडा दुपारी तीनच्या सुमारास आटोपतात. रात्री नऊला झोपा, पाचला उठा.

आमची दुसऱ्या वेळची मांडणी अशी होती:

1. पहिला दिवस: पोर्ट ब्लेअरला उतरणं, सेल्युलर जेल, संध्याकाळी तिथलाच ध्वनि-प्रकाश कार्यक्रम
2. दुसरा: सकाळच्या बोटीने हॅवलॉक, दुपारनंतर राधानगर
3. तिसरा: सकाळी स्कूबा, बाकी दिवस आराम
4. चौथा: एलिफंट बीचवर स्नॉर्केल
5. पाचवा: मोकळा (तिसऱ्या दिवशी हवा बिघडली असती तर डाइव्ह या दिवशी)
6. सहावा: नील, ओहोटीच्या वेळी नैसर्गिक पूल, रात्री कयाक
7. सातवा: नीलहून परत, रॉस बेट
8. आठवा: विमान

पाचव्या दिवसावरून आमच्यात वाद झाला होता. एकाला तो वाया गेलेला वाटत होता. प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशी वारा सुटला, सेंटरने बोट काढली नाही आणि आम्ही डाइव्ह पाचव्या दिवशी केली. मोकळा दिवस नसता तर दुसऱ्यांदाही हात हलवत परत यावं लागलं असतं.

पायरी 6: स्कूबा डायव्हिंग, पहिल्यांदा

याच्यावर जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

सेंटर निवडताना पाच गोष्टी विचारा. प्रशिक्षकाकडे 'पाडी' किंवा 'एसएसआय'सारख्या संस्थेचं प्रमाणपत्र आहे का? पाण्यात एका प्रशिक्षकाकडे किती जण असतील? (पहिल्या डाइव्हला एकास एक असावं.) आधी उथळ पाण्यात सराव किती वेळ? बोटीवर ऑक्सिजनचा संच असतो का? फोटो-व्हिडिओ किमतीत आहेत की वेगळे? आमच्या वेळी किनाऱ्यावरून उतरायचे साडेतीन हजारांच्या आसपास पडत होते, बोटीतून जायचे त्याहून दीड-दोन हजार जास्त. कोणी फारच स्वस्तात देत असेल तर पाण्याखालची वेळ विचारा. काही ठिकाणी आठ-दहा मिनिटांत वर आणतात.

आदल्या रात्री दारू नको. सर्दी असेल तर डाइव्ह पुढे ढकला, कारण चोंदलेल्या नाकाने कानातला दाब सुटत नाही. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळेल का ते आधी विचारा. मिशी असेल तर वरच्या ओठाशी मास्कमध्ये पाणी झिरपतं. आमच्या मिशीवाल्या मित्राला प्रशिक्षकाने मास्कची कड बसते तिथे थोडं व्हॅसलिन लावून दिलं आणि काम झालं.

नवख्यांना जास्तीत जास्त 12 मीटरपर्यंत नेतात, म्हणजे साधारण चार मजली इमारतीएवढं खोल. प्रत्यक्षात बहुतेकांना त्याच्या आतच भरपूर दिसतं.

आता कान. पाण्यात दोन मीटर खाली गेलात की कानांवर दाब जाणवतो, सोनेगावला विमान उतरताना होतं तसाच, पण जास्त आणि लवकर. नाक मास्कवरून चिमटीत धरायचं आणि हलकेच फुंकायचं. कानात 'टक' होतं आणि मोकळं वाटतं. दुखायला लागायच्या आधीच करा, दर थोड्या अंतराला करा, जोर लावू नका. सुटलं नाही तर थोडं वर या. मला पहिल्या तीन मीटरला सात-आठ मिनिटं लागली. प्रशिक्षक माझा हात धरून तसाच थांबला, एकदाही घाई केली नाही. चांगला प्रशिक्षक ओळखायची माझ्या मते हीच खूण आहे.

आणि श्वास. कधीही रोखायचा नाही. 10 मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येताना पसरत जाते आणि पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. श्वास चालू असेल तर जास्तीची हवा आपोआप निघून जाते. रोखला असेल तर फुफ्फुसाला इजा होऊ शकते. सावकाश आत, सावकाश बाहेर, एवढंच लक्षात ठेवा.

खुणा नीट पाठ करा. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला तर 'ठीक आहे'. पंजा आडवा धरून हलवला तर 'काहीतरी अडचण आहे', मग त्या जागेकडे बोट दाखवायचं. अंगठा वर केला तर 'मला वर जायचंय'. आपण सवयीने 'मस्त!' म्हणून अंगठा दाखवतो, आणि प्रशिक्षक लगेच वर न्यायला लागतो. आमच्यातल्या एकीचं असंच झालं आणि तिची निम्मी डाइव्ह गेली. आदल्या रात्री जेवताना आपसांत हातवाऱ्यांनीच बोलायचा सराव करा.

खाली गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती आवाजाची. स्वतःच्या श्वासाचे बुडबुडे सोडले तर सगळीकडे बारीक चुरचुर ऐकू येते, तव्यावर मोहरी तडतडते तशी. प्रवाळातल्या चिमुकल्या कोळंब्यांचा तो आवाज असतो. मग एका खडकाशी प्रशिक्षकाने मला थांबवलं आणि बोट दाखवलं. समुद्रफुलाच्या मऊ, हलत्या बोटांमध्ये केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला मासा. माझ्या करंगळीएवढा. तो आत जायचा, बाहेर यायचा, माझ्या मास्कच्या काचेकडे बघायचा आणि पुन्हा आत. किती वेळ गेला कळलंच नाही.

हात लावायचा नाही, कशालाच नाही. प्रवाळ दगड दिसतो, पण तो जिवंत असतो.

वर आल्यावर किमान 18 तास विमान नाही. तिथले लोक 24 सांगतात, तेच धरा. एकच डाइव्ह असेल तर 12 तासांचं बंधन सांगितलं जातं, पण सुट्टीच्या सहलीत इतकं काटेकोर कशाला जायचं? डाइव्ह आधी, विमान शेवटी.

पायरी 7: स्नॉर्केल, कयाक आणि बाकीचे खेळ

हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर जेटीहून बोटीने किंवा जंगलातून चालत जाता येतं. पाऊस पडून गेला असेल तर वाट चिखलाची होते, बोटच बरी. तिथे पाणी इतकं उथळ आहे की मास्क लावून तोंड खाली घातलं की प्रवाळ समोरच. लाइफ जॅकेट अंगाला घट्ट बसलंय का ते ओढून बघा. सैल असेल तर पाण्यात ते गळ्याशी येतं आणि आपण खाली जातो. पायात पाण्यात चालायचे रबरी बूट असू द्या. सागरी साळूचे काटे तळपायात मोडले की सहल तिथेच थांबते.

ज्यांना पाण्यात डोकंच घालायचं नाही त्यांच्यासाठी काचेच्या तळाची बोट आहे. पोर्ट ब्लेअरजवळच्या नॉर्थ बेला सी-वॉक असतो. डोक्यावर हवेचं मोठं शिरस्त्राण ठेवून समुद्राच्या तळावर चालायचं. चष्माही चालतो, केसही कोरडे राहतात. नॉर्थ बेचं दीपगृह बघून काही आठवलं का? जुन्या लालसर 20 रुपयांच्या नोटेवर मागे जे चित्र होतं ते हेच.

जेट स्की, बनाना बोट वगैरे मला फारसं भावलं नाही. ते कुठेही मिळतं. पॅकेजमध्ये 'वॉटर स्पोर्ट्स मोफत' लिहिलेलं असतं ते बहुतेक याच पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्या असतात, नीट विचारून घ्या.

काही किनाऱ्यांवर मगरींच्या सूचनेचे फलक असतात. खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात खरोखर आहे, खाड्यांच्या मुखाशी विशेष. फलक असेल तिथे, आणि अंधार पडल्यावर कुठेही, पाण्यात उतरू नका. जीवरक्षकाने शिट्टी वाजवली की लगेच बाहेर या.

पायरी 8: जमिनीवरची ठिकाणं

सेल्युलर जेल पहिल्याच दिवशी बघा. 1896 ते 1906 या काळात बांधलेला हा तुरुंग चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारतींचा होता. आज तीनच उरल्या आहेत. एकीची पाठ दुसरीच्या तोंडाकडे, त्यामुळे कैद्याला समोरचा कैदीही दिसू नये. सावरकर 1911 ते 1921 इथे होते. थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते. वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या त्या कोठडीत आम्ही सहा जण गेलो आणि कोणी काही बोललं नाही. दार बाहेरून बंद झालं की कडीपर्यंत आतून हात पोहोचूच नये, अशी कडी भिंतीतल्या खोबणीत बसवली आहे. ती खोबण बोटाने चाचपून बघा. कोलूचं यंत्रही (कैद्यांना जुंपायचे तो तेलाचा घाणा) तिथे ठेवलं आहे. तासभर पुरत नाही, दोन-अडीच तास ठेवा. साप्ताहिक सुट्टीचा वार आणि ध्वनि-प्रकाश कार्यक्रमाच्या हिंदी खेळाची वेळ आधी विचारा.

रॉस बेटावर ब्रिटिशांच्या काळात अंदमानची राजधानी होती. चर्च, बेकरी, बंगले सगळं पडलंय आणि भिंतींना वडा-पिंपळासारख्या झाडांच्या मुळांनी कवटाळलंय. हरणं जवळ येतात. अर्धा दिवस पुरतो.

बाराटांगला चुनखडीच्या गुहा आहेत आणि खारफुटीतून बोटीचा सुंदर प्रवास आहे. पण वाट जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाते. जिरकाटांगच्या नाक्यावरून ठरलेल्या वेळी गाड्यांचा ताफा सोडतात, म्हणून पोर्ट ब्लेअरहून पहाटे तीन-चारला निघावं लागतं. वाटेत थांबणं, फोटो काढणं, खाऊ देणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे. कोणी ड्रायव्हर 'जारवा दाखवतो' म्हणाला तर त्याची गाडी घेऊ नका. ती माणसं आहेत, प्रेक्षणीय स्थळ नाहीत. आम्ही हा भाग मुद्दाम वगळला.

हॅवलॉकला स्कूटर भाड्याने मिळते. राधानगर जेटीपासून दहा-बारा किलोमीटर आहे. सूर्यास्तानंतर रस्ता एकदम काळोखी होतो, त्यामुळे सावकाश चालवा आणि मागच्याने मोबाइलवर गाणी लावून देऊ नयेत.

पायरी 9: कागदपत्रं आणि बॅग

नेहमीच्या बेटांसाठी भारतीयांना वेगळा परवाना लागत नाही. हे मात्र हवंच:

- आधार किंवा मतदार ओळखपत्र, मूळ प्रत (बोटीवर चढताना बघतात) आणि दोन झेरॉक्स
- विमान, बोट आणि हॉटेल यांच्या छापील प्रती. बेटांवर नेटवर्क मध्येच जातं. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून पुष्कळ सुधारलंय, तरी जेटीवर मोबाइल फिरत राहिला तर कागदच कामी येतो
- वाहन परवाना, मूळ
- डॉक्टरांची चिठ्ठी आणि नेहमीची औषधं पूर्ण दिवसांची
- साहसी खेळ धरलेला प्रवास विमा. धरले आहेत की नाही, ते पॉलिसीत वाचा
- रोख रक्कम. हॅवलॉक-नीलवर एटीएम थोडी आहेत आणि कधी रिकामी असतात

बॅगेत लवकर वाळणारे कपडे, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट, टोपी, गॉगल, ओडोमॉस. संध्याकाळी किनाऱ्यावर बारीक वाळूमाश्या चावतात आणि खाज आठवडाभर राहते. त्यावर खोबरेल तेल लावून बसणं हा तिथल्या हॉटेलवाल्या बंगाली मावशींचा उपाय होता, आणि तो लागू पडला. मोबाइलचं पाण्यातलं पाकीट घेतलंत तर आधी आत कागदी रुमाल घालून बादलीत तासभर बुडवून बघा. माझ्या मित्राने थेट समुद्रात तपासलं आणि फोन गेला. प्लास्टिकच्या बाटल्यांऐवजी स्टीलची बाटली न्या. जॉली बॉयसारख्या राष्ट्रीय उद्यानातल्या बेटांवर प्लास्टिक नेऊच देत नाहीत.

खाण्याची काळजी नको. मासे खाणाऱ्यांची चैन आहे, आणि शाकाहारी लोकांना बंगाली व दक्षिणी जेवण सगळीकडे मिळतं. चहासोबत काहीतरी हवं म्हणून घरचा चिवडा आणि संत्रा बर्फी नेली होती. बोटीतल्या ओळखी त्या बर्फीवरच झाल्या.

पैशांसाठी एकच खजिनदार नेमा. सगळ्यांनी सुरुवातीला सारखी रक्कम त्याच्याकडे द्यायची आणि रोज रात्री त्याने ग्रुपवर हिशोब टाकायचा. डाइव्हसारखा सगळ्यांचा नसलेला खर्च ज्याचा त्याने.

पायरी 10: परतताना

शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे, अगदी मेलेला पांढरा प्रवाळसुद्धा बॅगेत घालू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळाला संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅग तपासताना ते पकडलं जातं. दुकानातून शंखाची वस्तू घेतली असेल तर पक्कं बिल हातातल्या बॅगेत ठेवा. आमच्या पुढच्या रांगेत एका छोट्या मुलीच्या डब्यातून मूठभर शिंपले काढून घेतले आणि ती हुंदके देत राहिली. तिला कोणी आधी सांगितलं नव्हतं. तुमच्यासोबत मुलं असतील तर किनाऱ्यावरच शिंपल्यांची रांगोळी काढू द्या, फोटो काढा आणि ती तिथेच ठेवून या.

ओले कपडे वेगळ्या पिशवीत भरा, वजन 15 किलोच्या वर जातं ते त्यांच्यामुळेच. घरी आल्यावर मास्क, बूट, गॉगल आणि मोबाइलचं पाकीट रात्रभर गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, म्हणजे मिठाने रबर तडकणार नाही.